दूरदर्शनवरची 'सर्कस' : तंबूच्या मागचं जग कोणाकोणाला आठवतंय?

रानजाई
गुडघ्याच्या दुखण्यामुळे आठ दिवस घरात अडकून पडले होते, त्यात नेटवर हिंडता हिंडता दूरदर्शनची 'सर्कस' सापडली. १९८९ ची. शाहरुख खान, रेणुका शहाणे, आशुतोष गोवारीकर, पवन मल्होत्रा. पहिला भाग लावला आणि अंगावर काटाच आला हो.

मी तेव्हा चौथीत. कराडला आमच्या वाड्यात टीव्ही फक्त मालकीणबाईंकडे, त्यांच्या माजघरात सतरंजीवर आम्ही दहा-बारा पोरं, चपला बाहेर काढून, पाय धुऊन बसायचो (पाय धुतल्याशिवाय त्या आत घ्यायच्या नाहीत). हिंदी निम्मंच कळायचं. शेखरन म्हणजे सर्कस मालकाचा शिकलेला मुलगा, आणि मारिया म्हणजे रेणुका शहाणे, एवढं पक्कं डोक्यात होतं. पण मला सगळ्यात जास्त काय भिडलं सांगू का, त्यात खेळ कमी दाखवायचे आणि खेळ झाल्यावर ही माणसं काय करतात ते जास्त दाखवायचे. पगार, भांडणं, कोण कोणावर रुसलंय, कोणाच्या हातून चूक झाली. तोपर्यंत सर्कशीतली माणसं राहतात कुठे, जेवतात काय हा प्रश्न मला पडलाच नव्हता. मला वाटायचं खेळ संपला की त्यांनाही सामानासारखं आवरून ठेवत असतील.

आता माझी लेक ८ वर्षांची आहे. तिला बरोबर घेऊन बघतेय. परवा तिनं विचारलं, "आई, खरी सर्कस कुठे असते?" आणि मी गप्प. तर दोन प्रश्न आहेत:
तुम्हाला या मालिकेतलं काय आठवतं?
आणि लेकीला खरी सर्कस दाखवायची असेल तर आता दाखवावी का, कुठे दाखवावी?

कोयनाकाठ
अगंऽऽ कराड! म्हणजे सर्चलाईट आठवत असणार तुला.

सर्कस आली हे आम्हाला पोस्टरवरून नाही कळायचं, रात्री आभाळात फिरणाऱ्या त्या झोतावरून कळायचं. आमचं गाव तिथून पंधरा-सोळा किलोमीटर, तरी गच्चीवर झोपलेलं असताना तो पांढरा पट्टा ढगावरून सरकत जायचा. आजी म्हणायची, आली बाई तुमची सर्कस, आता बापाच्या मागं भुणभुण सुरू.

मीनल_डोंबिवली
मस्त धागा! रेणुका शहाणेसाठी आमच्या आईनं ती मालिका एकही दिवस चुकवली नाही. "आपल्यातली मुलगी" म्हणायची. 'सुरभि' त्यानंतरची, पण आईला ती आधीच ओळखीची झाली होती, त्यामुळे सुरभीत दिसली तेव्हा आई म्हणाली अगं ही आपली मारिया! सर्कशीतून सुटली वाटतं.

भटकंतीराम
यात आपली मराठी मंडळी किती होती बघा, रेणुका शहाणे, गोवारीकर, मकरंद देशपांडे. आणि कुंदन शाह मराठी नसले तरी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दिग्दर्शन अझीझ मिर्झा आणि कुंदन शाह यांचं. ही तीच मंडळी ज्यांनी त्याआधी 'नुक्कड' केली होती. नुक्कडमधला हरी म्हणजे पवन मल्होत्रा इथेही आहे आणि नुक्कडमधला खोपडी म्हणजे समीर खक्कर पण इथे आहे. त्यामुळे रानजाई, तू म्हणतेस ते खेळापेक्षा माणसं जास्त हे सहज नाही झालेलं. नुक्कडमध्ये चौकातली माणसं घेतली, 'वागळे की दुनिया'त (तीही कुंदन शाहंचीच) कारकुनाचं घर घेतलं, आणि इथे तंबू. तिन्हीकडे एकच प्रश्न आहे, महिनाअखेरीस यांचं कसं भागतं.

वागळेच्या एका भागात शाहरुख पण आहे, गाडीची धडक देणारा. बघा सापडला तर.

ताकपिठी
त्यात शाहरुखचे केस! आमच्या दादानं तसे केस ठेवायचा प्रयत्न केला होता, बाबांनी रविवारी सकाळी न्हाव्यालाच घरी बोलावलं.

ध्रुवबाळ
माझा थोडा वेगळा सूर लागेल, माफ करा. मी ९५ चा. २०२० मध्ये लॉकडाऊनला दूरदर्शननं रामायण, महाभारताबरोबर ही पण परत लावली होती तेव्हा घरच्यांबरोबर दोन-तीन भाग बघितले. मला फार संथ वाटली. एक माणूस बोलतो, मग दुसरा बोलतो, मग दोघं गप्प. आवाज नीट नाही, प्रकाश नीट नाही. तुम्हा लोकांना मालिका आवडते की तुमचं लहानपण आवडतं?

भटकंतीराम
@ध्रुवबाळ प्रश्न रास्त आहे, राग नाही. पण संथ म्हणजे काय ते सांगतो. स्टुडिओत तंबूचं चित्र लावून केलेलं नाही हे, खऱ्या सर्कशीत जाऊन केलंय. मागे जी माणसं दोर ओढताना, खुंट ठोकताना दिसतात ती नट नाहीत. तिथे कॅमेरा घाई करत नाही कारण दोर बांधायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. तू एकदा संवाद न ऐकता फक्त मागे काय चाललंय ते बघ.

ध्रुवबाळ
बघतो. आजी घरी आहे तोवर तिच्याबरोबर बघतो.

सांगलीची_भडंग
सर्कशीचा धागा आणि अजून सांगलीचं नाव नाही म्हणजे काय! लिहितेच आता, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुळात भारतातली पहिली सर्कस ही आपल्याकडची. विष्णुपंत छत्रे, मूळचे अंकलखोपचे, आमच्या सांगली जिल्ह्यातलं कृष्णाकाठचं गाव. कुरुंदवाड संस्थानच्या पदरी घोड्यांचं काम बघायचे. चिरीनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली होती, ती बघून यांनी आपली काढली आणि २० मार्च १८८० ला मुंबईत क्रॉस मैदानावर पहिला खेळ केला. मग आमच्या भागातूनच एकामागून एक सर्कशी निघाल्या, म्हैसाळच्या देवलांची, कार्लेकरांची, पुढे शेलारांची. केरळातल्या तलश्शेरीला छत्र्यांचीच सर्कस गेली, तिथे किलेरी कुञ्ञिकण्णन नावाच्या कसरतीच्या मास्तरांशी गाठ पडली, आणि मग तिकडे शाळा निघून अख्खं गावच सर्कशीचं झालं. मल्याळी लोक सर्कशीत एवढे का दिसतात त्याचं मूळ असं कृष्णेच्या पाण्यात आहे.

आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सर्कशीची नाहीच, गाण्याची आहे. विष्णुपंत तरुणपणी ग्वाल्हेरला होते, तिथे हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकले होते. पुढे गुरूंचा मुलगा रहिमत खाँ मनानं खचून काशीत रस्त्यावर वणवण फिरत होता, तो विष्णुपंतांना सापडला. त्यांनी त्याला उचलून सर्कशीबरोबर आणला. गावोगाव सर्कशीच्या मुक्कामात रहिमत खाँचं गाणं व्हायचं! पुढे ते कुरुंदवाडलाच राहिले, तिथेच गेले, १९२२ साली. एवढा मोठा ख्यालिया, त्याला सांभाळलं कोणी, तर सर्कशीनं. माझे आजोबा ही गोष्ट सांगताना दरवेळी चष्मा काढायचे.

रानजाई, मालिकेत सर्कस म्हणजे एक घर असं जे दाखवलंय ना, ते त्यामुळे मला खोटं वाटलं नाही कधी.

कोयनाकाठ
रहिमत खाँची गोष्ट माहीतच नव्हती!! वाचनखूण साठवली.

ताकपिठी
भडंग ताई, कुरुंदवाडला पेढे खायला जाते मी, आता या कारणासाठी पण जाईन.

सुहास_ठाकुर्ली
आमच्याकडे या मालिकेचे चार भाग व्हिडिओ कॅसेटवर टेप केलेले होते. मामानं दुबईहून व्हीसीआर आणला होता, मीच बोटं दाबून दाबून जाहिराती गाळून टेप केले होते. एका नातेवाइकानं त्याच कॅसेटवर साखरपुडा टेप केला. साखरपुड्याच्या शेवटी अजून पाच मिनिटं सर्कस शिल्लक आहे, पेढे वाटून झाले की एकदम बँड वाजतो आणि तंबू येतो. त्या पाच मिनिटांसाठी मी अख्खा साखरपुडा किती वेळा बघितलाय. लग्न टिकलंय, कॅसेटला बुरशी आलीये.

मीनल_डोंबिवली
@सुहास_ठाकुर्ली 😂😂 नवरानवरीला मारिया आणि शेखरन दाखव हे, रडतील.

हिरवाचाफा
मला मध्येच वेगळं बोलावंसं वाटतंय, कारण सगळेच हळवे झालेत.

मी लहानपणी सोलापूरला सर्कस बघितली तेव्हा पुढच्या रांगेत होते. वाघ स्टुलावर चढायला तयार नव्हता. त्या वाघाच्या कानामागे केस गेलेला एक गोल पट्टा होता, रुपयाएवढा, लाल. बाकी सगळा खेळ मी त्या पट्ट्याकडे बघत होते. घरी येऊन जेवले नाही. त्यामुळे प्राण्यांवर बंदी आली ते मला पटतं. १९९१ मध्ये सरकारनं अधिसूचना काढली, वाघ, अस्वल, माकड वगैरेंचे खेळ बंद, सर्कसवाले कोर्टात गेले आणि २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी कायम केली. 'सर्कस' मालिका त्या सगळ्याच्या जरा आधीची. म्हणजे आपण जी सर्कस आठवतोय ती संपायला आली होती आणि आपल्याला पत्ता नव्हता.

रानजाई, लेकीला दाखव, पण तिला सगळं सांगून दाखव.

कोयनाकाठ
@हिरवाचाफा पटतं पण एक बाजू अजून आहे ना. प्राणी गेले, मग त्यांना सांभाळणारी माणसं पण गेली. आमच्या तालुक्यात मुक्काम पडला होता तेव्हा हत्तीवाला रोज सकाळी हत्तीला नदीवर घेऊन जायचा आणि स्वतःच्या आधी त्याला घासायचा, विटेच्या तुकड्यानं, कानाच्या मागे, नखाच्या बेचक्यात. तो माणूस मारकुटा होता असं मी म्हणणार नाही.

हिरवाचाफा
तो नसेलही. पण हत्तीच्या पायात साखळी होती ना.

कोयनाकाठ
होती.

मडगांवकार
देव बरें करूं. आमच्या गोंयातून लिहितोय, मराठी चुकली तर समजून घ्या.

मडगांवात सर्कस यायची तेव्हा आमचा पाय आधी जोकराकडे वळायचा. दोन जोकर असायचे, एक उंच एक बुटका. बुटका आमच्या दुकानात बिडी घ्यायला यायचा, तोंडावरचा पांढरा रंग नुसता पुसून, कानाच्या मागे रंग राहिलेला. आम्ही मुलं हसायचो तर तो गंभीर. पप्पा म्हणाले, अरे हसू नका, आत्ता तो ड्युटीवर नाही. हे वाक्य मला आजपर्यंत राहिलं. मालिकेत पण जोकराचं हेच दाखवलंय, रंग काढल्यावरचा चेहरा. म्हणून मला ती मालिका आवडली, दुसरं काही नाही.

रानजाई
मडगांवकार, "तो ड्युटीवर नाही" वाचून थांबले मी. हेच मला पहिल्या पोस्टमध्ये म्हणायचं होतं आणि जमलं नव्हतं.

शिलाईमशीन
बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज लिहिते.

माझे वडील नगरला शिंपी. पेठेत छोटं दुकान, दोन मशिनी. सर्कस आली की तीन-चार आठवडे मुक्काम असायचा आणि त्यांच्याकडचे कपडे दुरुस्तीला आमच्याकडे यायचे. त्यांचा स्वतःचा शिवणारा असायचा पण मुक्काम मोठा असला की काम उरकायचं नाही. ८७ की ८८ साल असेल, मी आठवीत. झुल्यावर काम करणाऱ्या दोघी आल्या होत्या, एक केरळची एक नेपाळची. आम्हाला वाटायचं त्या तंग, चमचमत्या कपड्यात बाई कशी वावरत असेल, पण त्या आल्या त्या साध्या मळखाऊ साडीत, हातात पिशवी, पिशवीत कपडे. केरळच्या ताईंना मराठी पण यायची थोडी, कारण वर्षातले कित्येक महिने महाराष्ट्रातच जायचे.

वडिलांनी काखेत कापड घट्ट धरलं होतं, त्या म्हणाल्या नाही चालणार भाऊ, हात वर गेला की ओढतं. वडील म्हणाले नाही ओढणार, माप बरोबर आहे. त्यांनी काही वाद घातला नाही. आतल्या खोलीत जाऊन कपडे घालून आल्या, वरून शाल, मग शाल माझ्याकडे दिली आणि दुकानाच्या दाराच्या वरच्या लाकडाला उडी मारून दोन्ही हातांनी लटकल्या. तशाच लटकून पाय वर घेतले, गुडघे छातीला लावले. टर्र असा आवाज आला, डाव्या काखेतून. खाली उतरल्या आणि म्हणाल्या, "इथे फाटलं तर चालेल भाऊ, वर फाटलं तर सगळे तिकडे बघतात आणि माझं पण लक्ष जातं."

वडिलांनी काखेत तिरक्या कापडाचा पतंगासारखा तुकडा घातला, दोन्ही बाजूंनी दुहेरी शिलाई. मी टिकल्या लावल्या, काखेपासून चार बोटं सोडून, कारण टिकली घासली की चामडी सोलते. त्यांचे तळहात मी तेव्हा जवळून बघितले. बोटांच्या मुळाशी पिवळे घट्टे, आणि एक घट्टा उलून आत गुलाबी दिसत होता. त्यावर त्या रात्री खोबरेल लावायच्या पण खेळाच्या आधी नाही, हात सटकतो.

आम्हाला चार पास दिले. आई, मी, धाकटा भाऊ गेलो. वडील नाही आले. शिलाई उसवली तर मला बघवणार नाही म्हणाले. झुल्याचा खेळ शेवटी असतो, ताई वर चढल्या तेव्हा मी त्यांच्याकडे नाही, त्यांच्या डाव्या काखेकडे बघत होते. नाही उसवली.

वर्षा-दोन वर्षांनी टीव्हीवर 'सर्कस' लागली तेव्हा वडील दुकान लवकर बंद करून यायचे. एरवी टीव्हीला नावं ठेवणारा माणूस. गोष्टीकडे त्यांचं लक्ष नसायचं, मधेच म्हणायचे "बघ, कापड चांगलं वापरलंय."

भटकंतीराम
काय लिहिलंय ताई. बाकी काही बोलता येत नाही.

सांगलीची_भडंग
शिलाईमशीन, याचा वेगळा लेख कराच. वडील आहेत का आता?

शिलाईमशीन
नाहीत. मशीन आहे, तीच वापरते मी.

न्यूजर्सीकर_अनघा
हे वाचून मला पण लिहावंसं वाटलं. इथे रिंगलिंग ब्रदर्स ही सगळ्यात जुनी नावाजलेली सर्कस. २०१७ ला बंद पडली, २०२३ मध्ये परत सुरू झाली, एकही प्राणी न घेता. मुलांना घेऊन गेले होते. मोठा दिमाख, दिवे, सायकली, सगळं झकपक.

पण मला तिथे बसल्या बसल्या आठवत होते दामू धोत्रे. आपले पुण्याचे, १९०२ चा जन्म, लहानपणी मामांच्या सर्कशीत शिरले, आणि १९४० च्या दशकात याच रिंगलिंग ब्रदर्समध्ये वाघ-बिबट्यांचे नावाजलेले रिंगमास्टर होते. अमेरिकन लोक त्यांना डामू म्हणायचे. शेजारच्या अमेरिकन आजोबांना सहज सांगितलं तर ते म्हणाले, माझ्या वडिलांनी त्यांना बघितलं होतं! डोक्याला फेटा आणि उघडं अंग, एवढंच वडील सांगायचे म्हणाले. पुण्याचा माणूस इथल्या म्हाताऱ्यांना आठवतो आणि आमच्या इथल्या मराठी मंडळात तीस जणांना विचारलं तर दोघांना माहीत होता.

@हिरवाचाफा तुमचं पटतं. धोत्र्यांच्या आठवणी वाचल्या तेव्हा मात्र त्या माणसाचा जीव होता प्राण्यांवर असं वाटलं. दोन्ही खरं असू शकतं का?

हिरवाचाफा
@अनघा असू शकतं. जीव असणं आणि पिंजरा असणं दोन्ही एकाच वेळी. मी पण इतके दिवस त्यावरच अडकलेय.

ध्रुवबाळ
अपडेट. आजीबरोबर सहा भाग झाले. भटकंतीराम म्हणाले तसं मागे काय चाललंय ते बघितलं. मालिका अजूनही संथच वाटते मला, ते सोडत नाही. पण दोन माणसं बोलत असतात आणि मागे कोणीतरी पोरगी हातावर चालायचा सराव करत असते, पडते, उठते, परत. कोणी तिच्याकडे बघत नाही. आजी म्हणाली माझ्या स्वैपाकघरात तुम्ही सगळे असेच बोलत बसता आणि मी मागे असते.

ताकपिठी
आजींना साष्टांग नमस्कार.

सुहास_ठाकुर्ली
आजींचा आयडी काढा इथे 🙏

मीनल_डोंबिवली
लॉकडाऊनचं निघालं म्हणून सांगते. २०२० ला टीव्हीवर ही 'सर्कस' परत लागली तेव्हाच आमच्यापासून फार लांब नाही, ऐरोलीला, पुण्याची रॅम्बो सर्कस मैदानात अडकून पडली होती. खेळ बंद, गावी जायला गाड्या बंद, सगळे कलाकार तंबूतच. लोकांनी किराणा वगैरे पोचवला. मग त्यांनी तिकीट लावून ऑनलाइन खेळ केला त्या सप्टेंबरात, आम्ही घरात तिकीट काढून लॅपटॉपवर बघितला. माझ्या मुलाला मजा आली. मला मात्र टाळ्या नाहीत हे सहन होईना, मी एकटीच टाळ्या वाजवत होते तर सासूबाई धावत आल्या, काय झालं म्हणून.

तर रानजाईच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सर्कस आहे अजून. पुण्या-मुंबईत मैदानाच्या बाहेर फलक लागतात, बघत राहायचं.

पेन्शनरकाका
बाळांनो, एक विसरलात. कुंदन शाह २०१७ ला गेले, त्याच वर्षी नीरज व्होरा गेले, ते पण होते या मालिकेत. समीर खक्कर २०२३ ला. शाहरुख मोठा झाला, गोवारीकरनं पुढे त्यालाच घेऊन 'स्वदेस' केला, ते सगळ्यांना माहीत आहे. या तिघांची पण आठवण असू द्या धाग्यावर.

कोयनाकाठ
🙏 बरं झालं काका लिहिलंत.

रानजाई
धागा वर काढतेय, दीड महिन्यानं. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मीच घेऊन आलेय.

पिंपरीकडे एक सर्कस लागली होती, परवा रविवारी चारचा खेळ. गुडघ्याला पट्टा बांधून गेले. लेक, मी आणि आई (आई ७४). तंबू अर्धाच भरलेला. प्राणी नाहीत. सायकलवर नऊ जण, जोकर, लोखंडी गोळ्यात मोटारसायकल, त्या आवाजानं आईनं कानावर हात ठेवले पण डोळे उघडे. आणि शेवटी जाळी बांधायला घेतली. जाळी बांधताना लेक म्हणाली, "आई, ते बघ, ही तीच माणसं आहेत, मगाशी सायकलवर होती ती." तिच्या लक्षात आलं, मला सांगावं नाही लागलं. झगमगीत कपड्यांवरच शर्ट चढवून दोर ओढत होती.

शिलाईमशीन ताई, झुल्यावरची मुलगी वर चढली तेव्हा मी डाव्या काखेकडे बघितलं. तुमच्यामुळे. पतंगासारखा तुकडा होता, थोडा वेगळ्या निळ्या रंगाचा.

खेळ संपल्यावर गर्दी कमी होईपर्यंत थांबलो, आईला गॅलरीतून उतरायला वेळ लागतो. बाजूच्या कनातीला फट होती. मागे दोन तंबूंच्या मध्ये दोरी, दोरीवर टिकल्यांचे फ्रॉक आणि एक टॉवेल शेजारी शेजारी वाळत घातलेले, कुकरची शिट्टी झाली. आणि ती झुल्यावरची मुलगी, तोंडावर रंग तसाच, उलट्या बादलीवर बसून फोनवर एका छोट्या पोराशी बोलत होती, नेपाळीत असावं. फोन पाण्याच्या ड्रमला टेकवून ठेवलेला आणि दोन्ही हातांना तेल चोळत होती. आता लहान मुलांना सर्कशीत कामाला ठेवता येत नाही, २०११ चा कोर्टाचा निकाल आहे, आणि तो हवाच होता. तिचं पोर गावी असणार. पोरानं पलीकडून काहीतरी दाखवलं, वही असेल, तिनं मान वाकडी करून वाचलं.

सातच्या खेळाची घंटा झाली तर तिनं तेल फडक्याला पुसलं, परत परत पुसलं, मग हातावर पावडर घेतली.

लेकीनं रस्त्यात विचारलं की तिचं नाव काय. मला माहीत नव्हतं. म्हणाली पुढच्या रविवारी विचारू या.

शिलाईमशीन
खेळाच्या आधी तेल लावलं होतं म्हणजे पोराशी बोलताना भान राहिलं नसेल. पुसलं ना नीट?

रानजाई
पुसलं ताई. तीन वेळा.

ताकपिठी
कुठलं मैदान गं? तिकीट किती? आणि पुढच्या रविवारपर्यंत आहे का नक्की? आम्ही पाच जण येतो.

ध्रुवबाळ
आम्ही दोघं. आजीला खुर्ची मिळेल का तेवढं विचारून सांग.